चौथ्या बाराची उडी

आबांच्या धंद्यात दोनच गोष्टी मोजायच्या असायच्या, नेम आणि उडी. नेम म्हणजे गोळी कुठं लागली ते. उडी म्हणजे बार झाल्यावर झटक्यानं नळीचं तोंड किती वर गेलं ते. नेमाचं काय, पुठ्ठ्यावर भोक पडतं, सावकाश जाऊन बघता येतं. उडी मात्र पापणी लवायच्या आत होऊन जाते, आणि बार टाकणाऱ्याला ती स्वतःची स्वतः मोजता येत नाही. त्याला शेजारी दुसरा माणूस लागतो. सात-आठ वर्षं तो दुसरा माणूस मी होते.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं. बंदूक दुरुस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी सिनेमातलं येतं. आमच्या दुकानात गंज होता, रॉकेलचा वास होता आणि दिवसभर कानशीची खरखर. बँकेच्या रखवालदाराची दुनळी यायची, शेतात डुकरं हाकायला घेतलेल्या ठासणीच्या बंदुका यायच्या. निवडणूक झाली की पोलीस ठाण्यात जमा केलेली हत्यारं लोकांना परत मिळायची, तीही गंज धरून. ती सगळी आमच्याकडं यायची. शेतकऱ्याची सुगी पावसावर आणि आपली मतदानावर, असं आबा म्हणायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, परत आबांकडं राहायला आले. त्याबद्दल एवढंच पुरे. आई आधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच, दोघंही तापट, त्यामुळं भांडणाला तिसरा माणूस लागायचा नाही. रविवारी आबांबरोबर चाचणीला जायचं हे मी परत आल्यावर महिनाभरात सुरू झालं. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "चल, डोळं हाईत न्हवं तुला?" एवढंच म्हणाले.

चाचणीची जागा परवान्यात लिहून दिलेली होती. कागलच्या पुढं डोंगराच्या पोटात एक बंद पडलेली दगडाची खाण. तीन बाजूंना काळा कडा, समोर मातीचा ढीग. आबांची पद्धत त्यांची स्वतःची होती. पुढं वाळूची पिशवी, तिच्यावर मनगटं टेकलेली. नळीच्या तोंडाशेजारी एक फळी उभी रोवायची. फळीवर एकेका बोटाच्या अंतरानं खडूच्या रेघा. बोट आबांचं, माझं नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. बार झाला की नळी किती रेघा वर गेली ते मी मोठ्यानं सांगायचं, "पाच बोटं", "सहा बोटं", आणि वहीत लिहायचं. आकडा कानावर पडल्याशिवाय आबा पुढचा बार टाकायचे नाहीत.

त्याचं कारणही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "उडी एकदम कमी आली तर समजायचं दारू नीट पेटली न्हाय. गोळी भाईर पडलीच न्हाय, नळीत अडकून बसली. तिच्या बुडाला दुसरी गोळी घातली की हत्यार फुटलं. हात जाईल, न्हायतर डोळा. तवा आकडा खरा पायजे. काय बी झालं तरी खरा पायजे."

हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी शाळेत पोरांना तेच शिकवते. आकडा मनासारखा आला नाही म्हणून बदलायचा नाही. प्रयोगवहीत खाडाखोड चालेल, खोटं चालणार नाही. एका पोराला मी याच कारणासाठी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे, आणि त्याच्या आईला बोलावून घेऊन तिलाही चार शब्द सुनावलेले आहेत.

पहिली काही वर्षं माझा आकडा नुसता उपचार होता. आबांच्या हाताला सगळं आधीच कळलेलं असायचं. मी "सहा" म्हणायच्या आत ते "सव्वासहा" म्हणायचे आणि खरंच सव्वासहा असायचे. मग रक्तातल्या साखरेनं हळूहळू त्यांचा हात खाल्ला. बोटांना मुंग्या यायला लागल्या, पुढं मुंग्याही बंद झाल्या. एकदा चहाच्या उकळत्या भांड्याला हात टेकवून माझ्याशी बोलत उभे राहिले. कातडं सोललं ते मला दिसलं, त्यांना कळलं नाही. कान तर चाळीस वर्षांच्या बारांनी आधीच गेले होते, त्यात चाचणीला कापसाचे बोळे. हात नुसता ठेवला की थरथरायचाही. पण हत्यार हातात आलं की ती थरथर थांबायची, हे मी शपथेवर सांगते. लोकांना मात्र चहाची बशी वाजताना दिसायची, आणि पेठेत बोलायला कुणाला पैसे पडत नाहीत. म्हाताऱ्याचा हात गेला, असं चार ठिकाणांहून माझ्या कानावर आलं होतं.

आबांच्याही कानावर आलं असणार. त्यांनी मला फक्त एवढंच म्हटलं, "हाताला आता काय कळत न्हाय बघ. तू सांगशील ते खरं." मी मान हलवली. त्याच महिन्यात एका दुनळीच्या चाचणीला त्यांचा हात बार टाकताना खाली दबला. झटक्याच्या धास्तीनं नवशिक्याचा दबतो तसा. उडी कमी आली, मी तसा आकडा सांगितला, त्यांनी हत्यार उघडून नळीतून आरपार बघितलं. नळी मोकळी होती. "माझाच हात दबला," म्हणाले. माझ्या डोक्यात ते तसंच राहिलं.

त्याच वर्षी दसरा होऊन गेल्यावर, उसाचे कोयते चालू झाले होते तेव्हा, नेसरीकडचे एक शेतकरी रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात आले. त्यांच्या आजोबांचं. आजोबा संस्थानच्या काळात शिकारीच्या तांड्याबरोबर असायचे. जखमी डुक्कर झुडपातून अंगावर आलं तर लांब बंदूक वळवायला जागा नसते, तेव्हा कमरेचं हे काढायचं. जाड नळीचं, सहा गोळ्यांच्या चकरीचं, हातात घेतलं की मनगट खाली ओढणारं धूड. आबांनी ते दोन्ही हातांनी उजेडात धरलं, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं.

"आता शिकार बंद. ह्याचं काम एकच, खंडेनवमीला कुंकू लावून घ्यायचं," आबा म्हणाले.

"व्हय की," मालक म्हणाले. "म्हणूनच इकायचं म्हणतोय. गिऱ्हाईक हाय. कागदं कचेरीत दिल्यात. पर त्येला आधी बार बघायचाय."

गिऱ्हाईक म्हणजे जयसिंगपूरचे एक व्यापारी. त्यांना नेम बघायचा होता आणि झटका किती बसतो ते बघायचं होतं. गोळ्यांची अडचण होती, कारण त्या मापाच्या आता बाजारात मिळत नाहीत. मालकांच्या घरी पितळी डब्यात वीस-बावीस जुनी काडतुसं होती, तीच वापरायची ठरली. आबांनी एकेक काडतूस चष्म्याला लावून बघितलं.

"कुठं ठेवता ही?"

"कपाटात. कुलपात. कोण हात लावत न्हाय."

"लई चकचकीत हाईत," आबा म्हणाले. त्यांना ते आवडलं. माणसानं वस्तू नीट सांभाळली की आबा त्या माणसावर लगेच विश्वास टाकायचे. जुनं काडतूस बिनहाताळता इतकं चकचकीत राहत नाही, हे पेठेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही ते एवढंच म्हणाले आणि डबा बंद केला.

रविवारी सकाळी खाणीत आम्ही चौघं. आबा, मी, नेसरीचे मालक आणि जयसिंगपूरचे पावणे. पावणे स्वतःच्या मोठ्या गाडीतून आले होते, पायात चकचकीत बूट, खाणीतल्या धुळीला नाक मुरडत. आबांनी थर्मासमधला चहा ओतला, कप थरथरला, थोडा चहा सांडला. पावण्यांनी ते बघितलं आणि मालकांना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ह्यास्नी जमंल न्हवं? न्हायतर उगा नेम चुकायचा आणि नाव हत्याराला. दुसरा कोण हाय काय बघा की."

कोल्हापुरात असं तोंडावर बोलतात, त्यात आम्हाला नवं काही नाही. पण माझं डोकं सणकलं. आबांच्या कानात अजून बोळे गेले नव्हते. त्यांनी ऐकलं होतं, कारण ते खाली बसून वाळूची पिशवी गरजेपेक्षा जास्त वेळ थोपटत राहिले. मी पावण्यांना काहीतरी तिखट बोलणारच होते. आबांनी मान न वळवता, "फळी रोव," म्हटलं. मी फळी रोवली.

पहिला बार. आवाज कड्यावर आपटून परत आला. नळी सरळ वर उडाली. "सात बोटं!" मी ओरडले. आबांनी मान हलवली. दुसरा बार, सात. तिसरा, साडेसात. तिघं पुठ्ठ्यापर्यंत चालत गेलो, आबा जागेवरच बसून राहिले. वीस पावलांवरून टाकलेल्या तीन गोळ्या, आणि तिन्ही भोकं एका बशीखाली झाकली असती. सत्तरीचा माणूस, बधिर बोटं, शंभर वर्षांचं हत्यार. मला इतका आनंद झाला की मी पावण्यांच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. आता बोला म्हटलं.

पावणे बोललेच. "बरं हाय की. पर तीन बारात काय कळतंय? सुरवातीला जोर असतोय माणसाला. झटका खाऊन हात दमला की मग बघायचं."

आम्ही परत जागेवर आलो. आबांच्या कानात बोळे होते, त्यांनी हे ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. मी फळीशेजारी उभी राहिले तेव्हा माझे डोळे फळीवर होते आणि कान मागं होते, हे मी आता लिहू शकते.

चौथा बार झाला. आवाज बाराचा नव्हताच. कुकरची शिट्टी अर्धवट उचलली जावी तसा काहीतरी फसकन आवाज आला. आणि नळी दोन रेघांच्या वर गेली नाही. मी ते स्पष्ट बघितलं. उजेड चांगला होता, माझ्या डोळ्यांना चष्मा नाही, फळी हाताच्या अंतरावर होती. दोन बोटं.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मला अक्षर न अक्षर आठवतं. अडकलेली गोळी नाही आली. आलं ते हे, की आबांचा हात दबला. दुनळीच्या वेळी दबला होता तसा पुन्हा दबला, आणि मागं उभा असलेला हा माणूस आता म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं? मग ते जयसिंगपूरभर सांगणार, मालक नेसरीला सांगणार, आणि पेठेला तर निमित्तच पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आवाज वेगळा होता, हेही मला कळलं होतं. ते कळणं मी बाजूला सारलं. जुनी काडतुसं आहेत, एखादं असायचं, असं काहीतरी.

"किती?" आबांनी विचारलं.

"सात!" मी म्हणाले.

आबांनी घोडा ओढला नाही. त्यांनी मान वळवून चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. हाताला नाही तरी खांद्याला काहीतरी कळलं असणार. "किती म्हनलीस?"

तो आकडा मी आबांना सांगतच नव्हते. मागं उभ्या असलेल्या पावण्यांना सांगत होते. म्हणून दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं सांगितला. "सात बोटं, आबा."

आबांनी मान हलवली, मनगटं पिशवीवर टेकली, घोडा ओढला आणि चाप दाबला.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते. रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग उडाला. चकरीचं एक घर फाकलं, नळी मुळाशी फुगून चिरली. आबा मागं पडले नाहीत, बसलेलेच राहिले, आणि उजव्या हाताकडं कुणा परक्याच्या वस्तूकडं बघावं तसं बघत राहिले. अंगठा नव्हता. पुढची दोन बोटं कातड्याला लोंबत होती. डाव्या तळव्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. त्यांना दुखत नव्हतं. मला ते सगळ्यात भयंकर वाटलं. आत काही उरलंच नव्हतं दुखायला. मी ओढणी फाडून मनगटाला आवळली आणि मोठमोठ्यानं रडत होते. आबा मला म्हणाले, "रडू नगंस, गाठ मार."

ज्या पावण्यांना मी मनात शिव्या घालत होते, त्यांनी आबांना उचलून स्वतःच्या गाडीत घातलं. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पावणे हॉर्नवर हात ठेवून, खिडकीतून डोकं काढून ओरडत, चुकीच्या बाजूनं गाडी काढत राहिले. मागची सगळी बैठक रक्तानं भिजली. त्याबद्दल त्यांनी तेव्हाही काही काढलं नाही आणि नंतरही नाही. माणूस वाईट नव्हता. नुसता तोंडाळ होता, आमच्यासारखाच.

दवाखान्यात बोटं गेली ती गेलीच. पण साखरेच्या माणसाची जखम भरत नाही. आठवड्याभरात हात काळा पडायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मनगटाच्या वरून काढावा लागेल, नाहीतर कोपर जाईल. मी सही केली. माझी सही फार सुबक आहे, शाळेत प्रगतिपुस्तकांवर करून करून झालेली. त्या कागदावरही ती तशीच सुबक आली.

हात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी नेसरीहून मालकांची बायको आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, काष्ट्याचं लुगडं नव्हे, साधी गोल साडी, हातात शहाळ्यांची पिशवी. आबा झोपले होते. ती बाकावर माझ्याशेजारी बसली, बराच वेळ पिशवीचे बंद पिळत राहिली, आणि मग बोलायला लागली.

"ताई, एक इचारू? खंडेनवमीला आमचे मालक रिव्हॉल्व्हर पूजेला काढून द्यायचे. मी म्हनायची, हत्याराला अंघोळ आणि गोळ्या तशाच ठेवायच्या व्हय? गोळ्या म्हंजे त्येचा जीव की. म्हनून मी गुपचूप डबा उघडून त्या पन न्हाऊ घालायची. आधी दुधानं, मग पान्यानं. पुसून, चिंचंनं घासून, वरनं तेलाचा हात फिरवून ठेवायची. सासूबाई गेल्यापासनं दर वरसाला. ह्यास्नी ठाव न्हवतं."

पितळ चकचकीत का होतं ते कळलं. सालोसाल दूध, पाणी, तेल, बुडाच्या टोपीतून आत झिरपत गेलेलं. सगळ्या काडतुसांत नाही, कुठल्यातरी एकात दारू ओली झाली. ते एक चौथं आलं.

"पोलीसास्नी बी सांगितलं. ते म्हनले, त्येनंच झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं व्हय हो, ताई?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. ओल्या काडतुसानं गोळी अडकते, हात जात नाही. अडकलेली गोळी ओळखायला तिथं एक माणूस उभा केलेला होता, त्याला सात-आठ वर्षं तेच एक काम दिलेलं होतं. हे मी तिला सांगायला पाहिजे होतं. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ती रडायला लागली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला, क्षमा करणाऱ्यानं ठेवावा तसा. त्या हाताची मला अजून किळस येते.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. चौथ्या बाराची उडी सात बोटं, असं मी सांगितलं. वहीतही सात लिहिलेलं होतं, फुटलेल्या बाराच्या आधी की नंतर लिहिलं ते मला आठवत नाही, पण अक्षर माझंच. पावणे आणि मालक लांब उभे होते, त्यांनी "ताईंनी सात म्हटलेलं ऐकलं" असं सांगितलं. पंचनाम्यात कारण काय पडलं तर काडतुसं पूजेत भिजवल्यामुळं निकामी. दुरुस्तीचा परवाना आबांनी स्वतःच परत दिला. हातच नाही तर काय करायचा. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात.

मालकांचा अधूनमधून आबांच्या चौकशीला फोन यायचा. त्यांच्याकडूनच कळलं की बायको आता देवाजवळ बसत नाही. भावकीतल्या बायका तिला तोंडावर म्हणतात, हिनं एका माणसाचा हात घालवला. पूजेचं सगळं आता जाऊबाई करते. "लई मनाला लावून घेतलंय तिनं," मालक म्हणायचे. मी "हं" म्हणायची आणि फोन आबांना द्यायची.

आबांचा डावा तळवाही नीट व्हायला चार महिने लागले. तोवर अंघोळ, कपडे, दाढी सगळं माझ्याकडं होतं. जेवण मी भरवायची. तळवा बरा झाल्यावरही भरवतच राहिले. त्यांनीही हरकत घेतली नाही. आमची भांडणं बंद झाली होती. ज्याला आपण लुळं केलं त्याच्याशी भांडणार कसं, आणि हे कारण त्याला सांगणार कसं?

एका दुपारी मी त्यांना भाकरी-आमटी भरवत होते. घास तोंडाजवळ नेला, तर त्यांनी तोंड उघडलं नाही.

"चौथ्याला किती होती उडी?"

मी घास ताटात ठेवला. खोटं बोलायला आता मागं कुणी उभं नव्हतं. "दोन," म्हणाले.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी विचारलं, "माझा हात दबला असं वाटलं व्हय तुला?"

"हो."

"त्या पावण्याम्होरं माझी लाज जाईल म्हणून सात म्हनलीस."

मी रडायला लागले होते, मान हलवली.

"लाज गेली असती," आबा म्हणाले. "हात ऱ्हायला असता की."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात आवाज चढला की प्रकरण तासाभरात मिटतं. ते अगदी हळू, गिऱ्हाइकाला हत्यारातला दोष समजावून सांगावा तसं बोलले. मी त्यांच्या पायांशी बसले. चूक झाली आबा, चूक झाली, असं काहीतरी म्हणत राहिले. ते छताकडं बघत होते.

"नेसरीच्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"ती समजती तिच्या दुधापान्यानं झालं."

"हो."

"आणि तू तसंच समजू दिलंस."

आबांनी डावा हात पुढं केला आणि ताट माझ्या मांडीजवळून स्वतःकडं ओढलं. आमटी हिंदकळून चादरीवर सांडली.

"आधी तिला सांगून ये," म्हणाले. "मग भरव मला."

याला दीड वर्ष होईल. नेसरीची एस.टी. सकाळी मध्यवर्ती स्टँडवरून सुटते. दोनदा मी तिथपर्यंत गेले, एकदा तिकीटही काढलं आणि गडहिंग्लजला उतरून परत आले. तिच्या दारात उभं राहून काय म्हणायचं ते मला पाठ आहे. तोंडातून निघेल की नाही ते माहीत नाही.

आबा रोज विचारत नाहीत. खरं तर एकदाही विचारलेलं नाही. मी ताट वाढून समोर ठेवते. ते डाव्या हातानं भाकरी मोडायला बघतात, ती निसटते, पुन्हा धरतात. निम्मं ताटाबाहेर पडतं. मी पुढं हात करते, ते मान हलवून नको म्हणतात.